फवारणीच्या वहीतला नवा रकाना

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात शेवटच्या पेट्या वाशीला रवाना झाल्या आणि दोन महिने पुढे ढकललेली रक्ततपासणी एकदाची करून घेतली. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारा तो एचबीएवनसीचा आकडा आला ६.२. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टर म्हणाले आणि लगेच विचारलं, "आंबे खाता का?"

देवगडच्या बागायतदाराला हा प्रश्न! हंगामात आम्ही खातो तो डागी आंबा, तोही उभ्याउभ्या, पेट्या भरता भरता. खरा चोर निघाला चहा. बागेत गड्यांबरोबर दिवसाला सहा कप, प्रत्येकात दीड चमचा साखर. घरी येऊन हिशेब मांडला तेव्हा मलाच लाज वाटली.

मग अंगात आलं. पहाटे पाचला उठायचं, चोवीस सूर्यनमस्कार, प्राणायाम, मोबाईलवर ध्यान, पवनचक्कीपर्यंत चालणं, रात्री डायरी. सगळं एकाच सोमवारपासून. आई ओटीवर बसून बघायची. ध्यानाच्या ॲपमधली बाई "आता श्वास आत घ्या" म्हणाली तशी आई म्हणाली, "मोबायलातली बाई तुका श्वास घेवक शिकयता? जल्मल्यापासून घेतंस, तो काय खोटो?"

नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी चिऱ्याच्या पायऱ्यांवरच्या शेवाळावरून पाय सटकला आणि घोटा सुजला. पुढचे दोन आठवडे मी पडवीत, पाय स्टुलावर.

त्या दोन आठवड्यांत एक गोष्ट डोळ्यांत भरली. पाऊस कोसळतोय, पागोळ्या लागल्यात, खळ्यात घोटाभर पाणी, आणि आई डोक्यावर इरलं घेऊन तांब्या हातात धरून तुळशीकडे निघालीय. म्हटलं, "आये, पावसात तुळशीक पाणी कित्याक?" ती थांबलीसुद्धा नाही. "पाऊस पावसाचा घालता, मी माझा घालतंय."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. आज घालू की नको, कंटाळा आलाय का, हा विचार तिच्या मनाला शिवतच नव्हता. आणि मी मात्र रोज पहाटे अंथरुणात पडून स्वतःशी वाटाघाटी करत होतो.

पाय बरा झाल्यावर मी डायरी गुंडाळली आणि नव्या सवयी घरातल्या जुन्या कामांना बांधल्या. तांब्या आईकडून माझ्याकडे आला (तिने सहज दिला नाही, आठवडाभर मागून देखरेख केली). तुळशीला पाणी घातलं की पडवीत सहा सूर्यनमस्कार. चोवीस नाही, सहा. मग बिनसाखरेचा चहा. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला, आता साखरेचा चहा पाकासारखा लागतो. सकाळची उकड्या तांदळाची पेज ठेवली, दुपारचा भात दोन वाट्यांवरून एकीवर आणला आणि कुळथाची पिठी वाढवली. रात्री जेवल्यावर पडवीत फेऱ्या. आमची पडवी बत्तीस फूट, म्हणजे शंभर फेऱ्यांना जेमतेम एक किलोमीटर. जेवणानंतर चाललं की पायांचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. पण फेऱ्या टिकल्या त्या पडवीला छप्पर आहे म्हणून.

संध्याकाळी दिवा लागला की आईबरोबर रामरक्षा, मोठ्याने. श्रद्धेचं म्हणाल तर मी अजून काठावरच उभा आहे. पण म्हणताना श्वास आपोआप लांबतो, हे अंगाला कळतं. २००१ साली इटलीतल्या संशोधकांनी जपमाळ आणि मंत्र म्हणणाऱ्यांचा श्वास मोजला, तेव्हा तो मिनिटाला सहाच्या आसपास उतरलेला आढळला. हे आईला सांगितलं. ती म्हणाली, "मोजूक कित्याक गेले?"

गणपतीत सगळं विस्कटलं. आरत्या, भजनं, मोदक, रात्रीचे दोन. चार दिवसांचा खंड पडला तसा मी हाय खाल्ली. तेव्हा मुलीने मला लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यास सांगितला. ९६ जणांवरचा, २०१० साली छापलेला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यात होतं. म्हणजे एकवीस दिवसांत सवय लागते, ते गणित कुणी पसरवलं देव जाणे.

सगळ्यात चिवट निघाली ती रात्रीची झोप. मोहोर आला की मी रात्री एक वाजता हवामान बघणारा माणूस. ढगाळ दाखवलं की तुडतुडा या किडीची धास्ती, मग बाजारभाव, मग परत हवामान. त्याने ढग हटत नाहीत. आता नऊ वाजता मोबाईल माजघरातल्या फडताळात जातो, आणि डोक्यात जे घोळत असेल ते फवारणीच्या वहीत, त्या त्या तारखेसमोर, एका ओळीत लिहून ठेवतो. त्याच वहीत एक जादा रकाना आखला: तु, सू, फे, रा. तुळस, सूर्यनमस्कार, फेऱ्या, रामरक्षा.

या एप्रिलमध्ये काढणी ऐन भरात असताना अकरा दिवस 'सू' आणि 'फे' कोरे आहेत. 'रा' कधी आहे, कधी नाही. 'तु' एकही दिवस चुकलेला नाही, कारण आई चहाचं भांडं चुलीवर ठेवून विचारते, "घातलंस?"

जूनमध्ये आकडा आला ५.८. डॉक्टरांनी पुन्हा आंब्याचं विचारलं. यंदा खाल्ला, म्हटलं. एक, बसून, डागी नव्हता.