राजापूरचा निरोप

आषाढात भातलावणी टाकून शेत सोडता येत नाही, म्हणून आमच्या भागातले बरेच वारकरी कार्तिकीला निघतात. कापणी-झोडणी उरकून पेंढ्याच्या उडव्या रचल्या गेल्या की दिंडीची तयारी सुरू होते. सेवानिवृत्तीनंतर पंढरपुराहून परस्पर पुण्याला मुलाकडे राहायला जायचे ठरले होते. तेव्हा राजापूर सोडायचे ते पायी चालतच, असे मी यंदा मनाशी पक्के केले.

धूतपापेश्वराचे दर्शन घेऊन आम्ही बाजारपेठेतून निघालो. ओळखीच्या एका आजींनी नव्या भाताच्या पोह्यांची पुरचुंडी माझ्या हातावर ठेवली, तिची गाठ पुन्हा एकदा ओढून पाहिली आणि विठोबाला आपला नमस्कार सांगायला बजावले. तिथे मात्र मला बोलणे जमले नाही.

अर्जुना आणि कोदवली या नद्यांच्या काठचे हे शहर एके काळी नामांकित बंदर होते. जैतापूरच्या खाडीतून गलबते इथवर येत आणि घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून अणुस्कुरा घाट उतरून येई. सिद्दी जौहरच्या वेढ्यात इथल्या वखारीच्या इंग्रजांनी पन्हाळ्यावर तोफा डागल्या, तेव्हा शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये राजापुरावर स्वारी करून त्यांना कैद केले. आमची दिंडी निघाली ती त्याच पन्हाळ्याच्या दिशेने, आणि ज्या वाटेने या शहराचे वैभव आले त्याच वाटेने आपण ते सोडतो आहोत, या जाणिवेने पाऊल जड होत होते.

ओणी, रायपाटण, पाचल अशी गावे मागे पडली. शहर केव्हाच दिसेनासे झाले होते, पण रायपाटणला पुन्हा अर्जुना भेटली आणि मी तिच्या पाण्यात पाय धुऊन घेतले. येरडवनंतर घाटाची चढण लागली; टाळांचा ठेका संथ झाला, तरी हरिपाठ थांबला नाही.

अणुस्कुऱ्याच्या माथ्यावरून पश्चिमेकडे उतरणारे पाणी अर्जुनेतून राजापूरला जाते. पूर्वेकडचे कृष्णेला, आणि पंढरीची भीमाही पुढे कृष्णेलाच मिळते. विठोबाकडे काही मागायचे नाही, असे ठरवून मी निघालो होतो. माथ्यावर मात्र ते बदलले. नद्यांतला गाळ निघावा आणि पावसाळ्यात जवाहर चौकात शिरणाऱ्या पुराने तिथल्या दुकानदारांचा माल पुन्हा भिजू नये, एवढे राजापूरसाठी त्याच्याकडे मागायचेच, असे ठरवून मी मलकापूरच्या वाटेला लागलो.