झेरॉक्सच्या दुकानातून: आमची वाटचाल

बार्शीत एसटी स्टँडजवळच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पाटीवर वर मोठ्या अक्षरात ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, ऑनलाइन फॉर्म’ आणि खाली बारीक अक्षरात ‘दहावी-बारावीनंतरचे प्रवेश व मार्गदर्शन’. ही खालची ओळ रंगवायला आम्हाला सहा वर्षं लागली. त्याचंच हे थोडं पुराण.

२०१० मध्ये मी पतसंस्थेची नोकरी सोडली आणि दोन जुने कॉम्प्युटर, एक प्रिंटर घेऊन नेट कॅफे टाकला. त्याच वर्षी दहावीला ‘बेस्ट फाइव्ह’ (सगळ्यात जास्त गुणांचे पाचच विषय धरून टक्केवारी) आलं, हायकोर्टानं ते रद्द केलं, सुप्रीम कोर्टानं परत आणलं, आणि मुलं रोज येऊन ‘आज काय झालं’ ते बघून जायची. निकालाची प्रिंट पाच रुपये, फॉर्म भरून द्यायचे वीस. लोक मला ‘नेटवाले’ म्हणायचे. मार्गदर्शन वगैरे शब्द माझ्या डोक्यातही नव्हता.

धंद्याचं वळण २०१२ च्या पावसाळ्यात आलं, तेही माझ्या एका चुकीमुळं. पांगरीकडचे एक शेतकरी मुलाला घेऊन आले. इंजिनिअरिंगचा ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाचा ऑनलाइन अर्ज, भरायचा होता. आडतीवरच्या तुरीच्या पट्टीमागं त्यांनी सात कॉलेजांची नावं लिहून आणली होती. वाण्यानं सामानाची यादी घ्यावी तशी मी ती घेतली, वरून खाली टाइप केली आणि वीस रुपये गल्ल्यात टाकले. यादी लागली, पहिल्या क्रमांकाचंच कॉलेज मिळालं. बापलेक पेढे घेऊन आले. पेढा तोंडात असतानाच मी सहज बाकीच्या कॉलेजांची कट-ऑफ उघडून बघितली. चौथ्या नंबरवर लिहिलेलं कराडचं सरकारी कॉलेज त्या मुलाला आरामात मिळालं असतं.

वडिलांनी जवळचं, हमखास मिळणारं कॉलेज ‘सेफ्टी म्हणून’ वर घातलं होतं. कॉम्प्युटर यादी वरून वाचत येतो आणि मिळण्यासारखं पहिलं नाव दिसलं की तिथंच थांबतो. पहिलाच पर्याय मिळाला तर पुढच्या फेरीत वर सरकायला काही उरतच नाही. यंत्राचं काहीच चुकलं नव्हतं. आम्ही मागितलं ते त्यानं दिलं. मी हे त्या वडिलांना तिथल्या तिथं सांगून टाकलं. सांगायला नको होतं, असं माझी बायको आजही म्हणते. ते म्हणाले, ‘‘असू द्या की. लेकराचा नंबर लागला, बास झालं.’’ रागावले असते तर बरं वाटलं असतं.

त्या आठवड्यात मी मागच्या वर्षीच्या कट-ऑफच्या सगळ्या याद्या स्वतःच्या मशीनवर, स्वतःच्या कागदावर छापल्या आणि स्पायरल करून घेतल्या. महिनाभर रात्री त्याच वाचत होतो. यादीत प्रत्येक जागेला अक्षरांचा एक कोड असतो. पहिलं अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण जागा, ‘एल’ म्हणजे मुलींची, मध्ये प्रवर्ग, आणि शेवटी एच, ओ की एस, म्हणजे आपल्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांसाठी, बाहेरच्यांसाठी की सगळ्या राज्यासाठी. एकाच कॉलेजच्या एकाच शाखेला शेवटच्या अक्षरावरून कट-ऑफ कुठल्या कुठं जाते. ही गोष्ट आमच्याकडच्या बारावीच्या मुलांना कुणी सांगत नव्हतं, कारण सांगणाऱ्यालाच ठाऊक नव्हती. पुढच्या हंगामात गावात बोलबाला झाला की स्टँडजवळचा नेटवाला ‘क्रम लावून देतो’. आमच्या धंद्याचं पहिलं नाव हेच.

आणि नियम? ते एका जागी थांबतील तर शपथ. २०१४ मध्ये इंजिनिअरिंगसाठी राज्याची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी गेली, देशपातळीवरची जेईई मेन आली. दोन वर्षांनी सीईटी परत आली. त्याच २०१६ मध्ये मेडिकलचा घोळ झाला. नीट ही देशभराची मेडिकलची प्रवेश परीक्षा सक्तीची असं सुप्रीम कोर्ट म्हणालं, मग केंद्राच्या अध्यादेशानं राज्याच्या सरकारी जागांना त्या वर्षापुरती सूट मिळाली, आणि मधले कित्येक दिवस पोरांना कळेना की स्टेट बोर्डाचं पुस्तक धरायचं की एनसीईआरटीचं. त्या मे महिन्यात आमच्या दुकानात झेरॉक्सपेक्षा चहाच जास्त लागला. पाटीवरची खालची ओळ त्याच वर्षी रंगवली.

आता एक कबुली. त्याच्या आदल्या वर्षी मी साठ हजार रुपये भरून बोटांच्या ठशांवरून मुलाची बुद्धिमत्ता आणि करिअर सांगणाऱ्या एका कंपनीची एजन्सी घेतली होती. यंत्र छोटंसं, अहवाल तीस पानी, रंगीत, वर मेंदूचं चित्र. पालक खूश. दहाव्या की बाराव्या मुलानंतर माझ्या बायकोनं (ती मानसशास्त्राची पदवीधर आहे, आणि तिनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं होतं) माझेच ठसे दोन वेगळ्या नावांनी पाठवले. एका अहवालात मी जन्मजात सर्जन निघालो, दुसऱ्यात माझा ओढा संगीताकडं. मी गायला लागलो की घरचं कुत्रंसुद्धा अंगणात जातं. या ठशांच्या प्रकाराला शास्त्राचा आधार नाही, हे आधीच वाचायला हवं होतं. साठ हजार गेल्यावर वाचलं. ज्यांच्या मुलांचे अहवाल दिले होते त्यांना पैसे परत केले. दोन पालकांनी घेतले नाहीत, म्हणाले, अहवाल चांगला आलाय, राहू द्या.

त्यानंतर बायको दुकानात बसू लागली आणि मुलांशी बोलायचं काम तिच्याकडं गेलं. बोर्डानं दहावीच्या मुलांसाठी कलचाचणी सुरू केली तेव्हा तर रोज तिच्यासमोर रांग असायची. चाचणीच्या कागदावर क्षेत्रं छापलेली: कृषी, वाणिज्य, ललित कला, तांत्रिक... एक आजोबा नातवाचा कागद घेऊन आले आणि ‘गणवेशधारी सेवा’वर बोट ठेवून म्हणाले, ‘‘मॅडम, म्हंजे वॉचमन का?’’ तिनं त्यांना सैन्य, पोलीस, तटरक्षक दल सगळं समजावलं. मग छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेबद्दलही सांगितलं. राज्य सरकारची ही संस्था एनडीएची, म्हणजे सैन्यात अधिकारी घडवणाऱ्या प्रबोधिनीच्या प्रवेशाची तयारी करून घेते, पण तिची परीक्षा दहावीतच द्यावी लागते. आजोबांनी विचारलं, फॉर्म कधी निघतो? तो निघून गेला होता.

या ‘निघून गेला होता’नं आम्हाला आमचं काम दाखवलं. मुलानं काय व्हावं हे सांगणारे गावात ढीगभर आहेत. कुठलं दार कधी लागतं, हे सांगणारा नाही. अकरावीला गणित सोडलं की बारावीनंतर काय काय बंद होतं, हे मुलाला बारावीनंतर कळतं. दुकानाच्या भिंतीवर आम्ही एक मोठा तक्ता लावला. त्यात करिअर एकही नाही, नुसते महिने आणि कागद. नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. बारावी सायन्सच्या मुलांनी जात पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत आधीच टाकायचा. कृषीला जायचं असेल तर सातबारा कुणाच्या नावावर आहे ते आत्ताच बघा, त्याचे वाढीव गुण असतात. आजोबांच्या नावावर असला तर ऐन वेळी धावपळ होते.

पडताळणीच्या कागदांनी तर आम्ही अर्धे इतिहास संशोधक झालो. ओबीसीला १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या, अनुसूचित जातीला १९५० च्या. म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा, तेही नसतील तर महसुली नोंदी. वैरागच्या एका बाईंनी सासऱ्यांची नोंद शोधायला तीन गावच्या शाळा पालथ्या घातल्या. उतारा मिळाला तेव्हा नाव होतं, जातही होती, आडनाव मात्र वेगळंच. मग प्रतिज्ञापत्र, मग पुन्हा हेलपाटा. मुलीच्या जूनमधल्या प्रवेशासाठी ही धावपळ मेमध्ये सुरू झाली असती तर ती जागा गेलीच असती. ती आदल्या दिवाळीत सुरू झाली होती, भिंतीवरच्या तक्त्यामुळं. आमच्या आजवरच्या कामात मला याचा सगळ्यात जास्त अभिमान आहे, आणि त्यात करिअर मार्गदर्शन म्हणावं असं काहीच नाही.

बार्शीत या धंद्यात बसलं की लातूर टाळता येत नाही. ‘‘सर, पोराला लातूरला टाकू का?’’ दहावीच्या निकालानंतर पंधरा दिवस आम्हाला हाच प्रश्न. (नेटवाल्याचा सर कधी झालो ते आठवत नाही.) लातूर पॅटर्नला, म्हणजे तिथल्या कॉलेज-क्लासमधल्या कडक तयारीला, आम्ही नावं ठेवत नाही. तिथली शिस्त खरी आहे, तिथून डॉक्टर झालेली आमच्याकडची पोरंही खरी आहेत. पण खोली, मेस, क्लासची फी यात दोन वर्षांत घराचं काय होतं आणि मग ‘रिपीट’ शब्द घरात कसा शिरतो, तेही आम्ही बघतो. नीट किती वेळा द्यावी याला बंधन नाही; हीच तिच्यातली गोम. एक मुलगी तीनदा देऊन परत आली. तिच्या वडिलांनी सीईटीचा फॉर्म एकदाही भरला नव्हता, कारण ‘आपण नीटवाले’. सीईटीचा पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गट दिला असता तर बी.एस्सी. ॲग्री तिला पहिल्याच वर्षी समोर होतं. चौथ्या वर्षी ती तिथं गेली, आता शेवटच्या वर्षाला आहे, आणि मातीबद्दल बोलायला लागली की थांबत नाही.

म्हणून लातूरचा प्रश्न आला की आम्ही दोन गोष्टी करतो. मुलाला एका रविवारी दुकानाच्या आतल्या खोलीत बसवून, घड्याळ लावून, फिजिक्सचे प्रश्न सोडवायला देतो. गुण महत्त्वाचे नाहीत. बाहेर येताना त्याचा चेहरा कसा आहे ते बायको बघते. आणि किती वेळा परीक्षा द्यायची तो आकडा वडील आणि मूल दोघांकडून कागदावर लिहून घेतो, खाली सह्या. पालक हसतात, पण सही करतात. दोन वर्षांनी तोच कागद मागायला येतात, बहुतेक वेळा आई येते.

आयटीआय आणि डिप्लोमा ही आमची कायमची हळवी बाजू. दहावीनंतर डिप्लोमा केलेलं मूल डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जातं, आणि दोन वर्षांचा आयटीआय केलेलं मूल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. म्हणजे वायरमनचा रस्ता इंजिनिअरपर्यंत पोचतो. हे सांगितल्यावर पालक मान डोलावतात आणि म्हणतात, ‘‘ते ठीक आहे, पण सायन्सलाच घालतो.’’ पाहुण्यांत सांगायला बरं पडतं ना! याबाबतीत आम्ही आजवर बहुतेक वेळा हरलोच आहोत.

पैशाचंही सांगितलं पाहिजे. २०१७ मध्ये एक गृहस्थ मिठाईचा बॉक्स घेऊन आले. एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून मूल पाठवलं तर एका प्रवेशामागं दहा हजार. मी लगेच नाही म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. चार दिवस घेतले. त्या वर्षी प्रिंटर बिघडला होता आणि आमची स्वतःची मुलगी आजारी होती. शेवटी अडलं ते हिशेबावर: मॅनेजमेंट कोट्यातून गेलेल्या मुलाला सरकारची शिष्यवृत्ती, फी-सवलत काही मिळत नाही. म्हणजे माझे दहा हजार त्या घराला लाखांत पडणार. २०२४ पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसीतल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली, तीही कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून गेल्यावरच. आता असे बॉक्स येतात ते दारातूनच परत जातात. मिठाई चांगली असते, हे मात्र खरं.

कोविडमध्ये दुकान जवळजवळ बुडालं. २०२१ ला दहावीची परीक्षाच झाली नाही, ९९.९५ टक्के निकाल लागला, अकरावीसाठी सीईटी जाहीर झाली आणि ऑगस्टमध्ये हायकोर्टानं ती रद्द केली. तोवर पोरांनी घरात बसून अभ्यास केला होता. आम्ही सगळं मोबाइलवर, फुकट केलं, कारण मागायची सोय नव्हती. त्या दिवसांतल्याच एका पोरानं पुढं बी.सी.ए. केलं आणि आता तो आमच्याकडं पगारावर आहे. कट-ऑफचं माझं स्पायरल त्यानं एक्सेलमध्ये घातलं. मी मात्र अजून कागदच उलटतो.

२०२५ ला अकरावीचे प्रवेशही सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले, दहा कॉलेजांपर्यंत पसंतीक्रम. वैरागचे एक पालक चिडून म्हणाले, ‘‘कॉलेज माझ्या घरासमोर, प्राचार्य माझ्या ओळखीचे, आन् मी यादीची वाट बघायची का?’’ त्यांच्या मुलाचा क्रम लावताना मी पहिल्या नंबरवर कुठलं नाव घालायचं ते तीनदा विचारलं. तेरा वर्षांत ती सवय गेलेली नाही.

आज आम्ही तिघं आहोत. वर्षाला दोनेकशे घरं येतात. नववीपासून बारावीपर्यंतचे एकदाच दीड हजार घेतो, त्यात कितीही वेळा या. ज्यांना झेपत नाहीत त्यांच्याकडून घेत नाही. मे ते ऑगस्ट जेवायला वेळ नसतो. उरलेले आठ महिने दुकानाचं भाडं अजूनही झेरॉक्स मशीनच भरतं, म्हणून पाटीवर ते वर आहे.