बोटीत नेमके काय जळते?

माझी जवळजवळ सगळी नोकरी फायबरच्या कामात गेली. वाळूज औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही पाण्याच्या टाक्या आणि कूलरची खोकी तयार करत असू आणि वर्षा-दोन वर्षांतून एखाद्या उद्यानातल्या तळ्यासाठी पायडलच्या बोटींचे कामही येत असे. समुद्र आमच्यापासून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर असला, तरी बोट करताना काही वेगळे शिकावे लागले नाही. टाकी पाणी आत धरून ठेवते आणि बोट ते बाहेर ठेवते, एवढाच काय तो फरक. साच्यावर जेलकोट (बाहेरून दिसणारा गुळगुळीत थर), त्यावर काचेच्या धाग्यांची मॅट, मॅटवर ब्रशने रेझिन (घट्ट होऊन प्लॅस्टिक बनणारा चिकट द्रव) आणि मग हवेचे बुडबुडे काढत फिरणारा रोलर, हे सगळे तेच. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या मरीनात पन्नास-साठ लाखांच्या बोटी ओळीने जळताना मोबाइलवर दिसतात आणि शेजारी कोणीतरी म्हणते, ‘चहूकडे पाणी असताना असे कसे जळते?’, तेव्हा मला आमच्या शेडमागचा उकिरडा आठवतो. (मरीना म्हटले की आपल्याकडे चेन्नईचा किनारा डोळ्यांसमोर येतो, येथे मात्र अर्थ बोटींचा वाहनतळ एवढाच घ्यावा.)

त्या उकिरड्यावर कातरलेल्या फायबरच्या पट्ट्या साचत आणि कोणीतरी त्या पेटवून देई. आगकाडीने ती पट्टी सहजासहजी पेटत नाही, हे खरे आहे. पण एकदा कातरलेली कड पेटली, की नारिंगी ज्योत पकड घेते, काळाकुट्ट धूर उठतो आणि काजळीचे कोळिष्टकांसारखे लांब धागे हवेत तरंगत येऊन वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. हे प्लॅस्टिक मेणासारखे वितळून गळत नाही. ते जागेवरच जळत राहते. शेवटी हातात उरते ती पांढरी, जाळीदार मॅट, बोटांत धरली की भुगा होणारी. काच जळत नाही, रेझिन जळते आणि काचेचे धागे दिव्याच्या वातीचे काम करतात.

हाताने केलेल्या अशा कामात वजनाचा साठ-सत्तर टक्के भाग रेझिनचाच असतो. एक किलो पॉलिएस्टर रेझिनमधून मिळणारी उष्णता कोरड्या लाकडाच्या दीडपटीहून अधिक भरते. शेवटी हा माल खनिज तेलातूनच आलेला आहे. ओल्या रेझिनमधले स्टायरीन हे द्रव साधारण 31 अंश सेल्सिअसलाच पेट घेण्याजोगी वाफ सोडते, म्हणजे आमच्याकडच्या मे महिन्यात शेडमधली हवाच धोक्याची असते. एका दुपारी कामगाराने रेझिन घट्ट करणारे हार्डनर अंदाजाने जास्त ओतले आणि अर्धी बादली तशीच ठेवून तो जेवायला गेला. आम्ही परतलो तेव्हा बादलीतला माल तडकून पिवळा पडला होता, त्यातून धूर निघत होता आणि बादलीचा तळ फुगला होता. त्याला कोणी काडी लावली नव्हती. घट्ट होताना रेझिन स्वतःच तापते. घट्ट झाल्यावर ते शांत होते, पण पुरेशी उष्णता मिळाली तर तेच पुन्हा वायूत मोडते आणि तो वायू जळतो.

बोटीत या कवचाच्या आत आणखी बरेच काही भरलेले असते. गाद्या आणि आसने पॉलियुरेथेन फोमची असतात. ती जळताना हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू तयार होतो आणि ज्वाळा माणसापर्यंत पोहोचण्याआधी तो धुरानेच कोसळतो. शिवाय पातळ प्लायवूड, पडदे, रंग, दोर, स्वयंपाकाचा गॅस आणि इंधनाची टाकी. केबिन म्हणजे छत बुटके असलेली छोटी खोली. तिथे उष्णता कोंडते आणि तापमान सहाशे अंशांच्या आसपास गेले की आतले सगळे एकदम पेट घेते.

पेट्रोलची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड असते. मोटारीतून गळलेले पेट्रोल खाली रस्त्यावर पडते, वाफ वाऱ्यावर उडून जाते. बोट मात्र भांडे आहे; जे भांडे पाणी आत येऊ देत नाही, ते वाफही बाहेर जाऊ देत नाही. ती तळाच्या पोकळीत साचते, आणि हवेत दीड ते साडेसात टक्के वाफ मिसळली की स्टार्टरची एक ठिणगी पुरते. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी तळातला पंखा किमान चार मिनिटे चालवावा, असा अमेरिकेत दंडक आहे. डिझेल याबाबतीत सोशीक आहे.

एक बोट का जळते ते इथवर कळते. सगळा मरीना का जळतो, हे कळायला मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला पुस्तक लागत नाही. सोयाबीनच्या गंज्या खळ्यावर एकमेकींना खेटून रचल्या तर एक पेटल्यावर दुसरी वाचत नाही, हे त्याला ठाऊक असते. मरीनात जागेचे भाडे फुटांनी मोजतात, म्हणून बोटी हात लांबवला तर शेजारच्या बोटीला लागेल इतक्या जवळ उभ्या असतात. त्यावर ऊन-पावसासाठी पत्र्याचे छत घातलेले असेल, तर वर जाणारी उष्णता तिथे आपटून आडवी पसरते. माझ्या मते हे छत सगळ्यांत घातक आहे, पण बोटीचे मालक त्याच सोयीसाठी जास्त भाडे देतात.

27 जानेवारी 2020 च्या मध्यरात्री अमेरिकेतील अलाबामा राज्यात स्कॉट्सबोरो येथे हेच घडले. तो बोटी बांधायचा धक्का समुद्रावर नव्हता. टेनेसी नदीवरील धरणाच्या जलाशयात, म्हणजे आपल्या पैठणच्या नाथसागरासारख्या गोड्या पाण्यात होता. लाकडी धक्का, वर पत्र्याचे छत आणि बोटींत झोपलेली माणसे. किनाऱ्याकडे जाणारी वाट आगीने अडवली, लोकांनी जानेवारीच्या थंड पाण्यात उड्या घेतल्या. आठ जण दगावले आणि सुमारे 35 बोटी गेल्या. तपासात कारण विजेशी संबंधित निघाले. कोणती वायर, हे शेवटपर्यंत सांगता आले नाही, कारण सांगायला काही उरलेच नव्हते. कृषिपंपाच्या स्टार्टरपेटीत सैल झालेली वायर तापून काळी पडते, हे आपण पाहतो. धक्क्यावरून बोटीत वीज नेणाऱ्या केबलच्या पिनेचेही तेच होते आणि तिथे ओल, गंज व सततचे हलणे यांची भर पडते.

आपल्याकडे 19 नोव्हेंबर 2023 च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासेमारी बंदरात तीसहून अधिक बोटी जळाल्या. आग पसरू नये म्हणून पेटलेल्या बोटीचा दोर कापून ती पाण्यात सोडून दिली. वाऱ्याने आणि प्रवाहाने ती पुन्हा धक्क्याकडे आणली, असे पोलिसांनी त्या वेळी सांगितले होते. मासेमारीला निघण्यासाठी डिझेल भरलेले, स्वयंपाकाचे सिलिंडर चढवलेले. मग एकामागून एक स्फोट. गंजी निदान जागची हलत नाही. पाणी मारून विझवायचे म्हटले तर बोट भरून बुडते, तेल मात्र वर तरंगत जळत राहते, म्हणून अशा ठिकाणी फेस मारावा लागतो. जळालेली बोट अनेकदा पाण्याच्या रेषेपर्यंतच जळते. रेषेखालचा भाग पाण्याने थंड ठेवलेला असतो, तेवढा टोपल्यासारखा शाबूत राहतो.

गेल्या हिवाळ्यात एका तलावावर नौकाविहार सुरू करू पाहणाऱ्या गृहस्थांचा मला फोन आला. पेट्रोल इंजिनाच्या आठ बोटी आणि त्या ठेवायला वरून झाकलेली शेड, असा त्यांचा बेत होता. मी त्यांना आग रोखणारी भुकटी घातलेले रेझिन सुचवले. तापल्यावर ती भुकटी पाणी सोडते आणि ज्योत मंदावते, मात्र माल जड होतो, रेझिन दाट झाल्याने रोलर नीट फिरत नाही आणि खर्च वाढतो, हेही सांगितले. शेड नको, दोन बोटींत एका बोटीएवढी जागा सोडा आणि पेट्रोलचे कॅन काठापासून लांब ठेवा, असेही म्हटले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘साहेब, आठही बोटी भगव्या रंगात मिळतील ना?’ रंग जेलकोटातच मिसळतात, मिळतील, असे मी सांगितले.