रविवारचे पाय

मी नागपुरात फिजिओथेरपिस्ट आहे. गेल्या एप्रिलमध्ये बँकेतून निवृत्त झालेले एक काका माझ्याकडे आले, ते कार्तिकी एकादशीनंतर पायी नर्मदा परिक्रमेला निघायचे हे ठरवूनच. नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर; दोन्ही काठ चालायचे म्हणजे अंतर अडीच हजारांपलीकडे जाते, तेव्हा सरावही तसाच दणदणीत हवा, या हिशेबाने त्यांनी मे महिन्यात चिखलदऱ्याला रोज पंचवीस किलोमीटर चालण्याचा बेत आखला होता. तो मी मोडीत काढला. त्याऐवजी शनिवारी रामटेक आणि लगेच रविवारी फुटाळा तलावाकाठची सपाट वाट असे दोन छोटे टप्पे ठरवले. पाठीवर पाच किलो घ्यायचे आणि आठच्या आत चालणे संपवायचे.

शनिवारी काकांनी पाठपिशवीत गुपचूप दहा किलो भरले (तांदूळ होते, हे नंतर कळले) आणि अंबाळ्याकडच्या पायऱ्यांनी गडमंदिरापर्यंत तीन फेऱ्या मारल्या. मी दुसऱ्या फेरीलाच बसले होते.

रविवारी पहाटे फुटाळ्यावर स्कूटर लावून ते फूटपाथवर चढले खरे, पण तीच वीतभर पायरी उतरताना त्यांना माझा खांदा धरावा लागला. चढताना दम लागतो म्हणून सगळे चढणीलाच घाबरतात. उतरताना मात्र मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलतात, त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि खरा ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लागतो. बूट काढायला लावला, तर उजव्या अंगठ्याचे नख काळेनिळे. उतारावर पाऊल पुढे सरकून नख बुटाच्या टोकावर आपटत राहिले होते, आणि उन्हाळ्यात चालून पाय थोडे सुजतातच. बूट संध्याकाळी, पाय फुगलेले असताना घ्यावेत, हे मी प्रत्येकाला सांगते. ऐकत कोणी नाही.

"डॉक्टर, चिखलदऱ्याला हे झालं असतं तर?"

"एसटीने परत आला असता, काका."

त्या दिवशी आम्ही चाललोच नाही. बाकावर बसून मेचे उरलेले शनिवार-रविवार नव्याने मांडले: रामटेकची एकच फेरी, उतरताना पावले आखूड, आणि रविवारची सपाट वाट मात्र कधीही चुकवायची नाही, कारण परिक्रमेत दुसरा दिवस रोजच उजाडतो.

दोन आठवड्यांनी ते पुन्हा रामटेकला आले. पाठीवर मोजून पाच किलो होते, बूट एक नंबर मोठे होते आणि हातात दोन काठ्या होत्या. त्यातली एक माझ्यासाठी होती.