पॅकेज टाकता येईना म्हणून पीएचडी अडलीय

जळगावात तुम्हाला कम्प्युटरचं थोडंफार येतं असं एकदा चार लोकांना कळलं ना, की मग प्रिंटरपासून पीएचडीपर्यंत सगळे फोन तुम्हालाच. सध्या माझ्याकडे जास्त येतात ते भूगोल आणि बॉटनीवाले रिसर्च स्कॉलर. यांना कोडिंग शिकायचंच नसतं हो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरींचं पाणी किती खाली गेलं त्याचा नकाशा हवा असतो, डेटा एक्सेलमध्ये भरून तयार असतो, सिनियरने पेनड्राईव्हवर दिलेली आरची (आकडेमोड आणि नकाशांसाठी वापरतात ती प्रोग्रामिंग भाषा) स्क्रिप्ट असते, आणि त्या स्क्रिप्टच्या वरच्या चार ओळी, जिथे नुसती पॅकेजं, म्हणजे तयार कोडचे जोडसंच, बोलवायची असतात, तिथेच सगळं अडतं.

यावलकडच्या एका मॅडमचंच घ्या, ज्युनियर कॉलेज सांभाळून पीएचडी चाललीय. "दादा, आर काढून परत टाकलं, तरी तेच येतंय." स्क्रीनवर मेसेज होता की आरजीडाल (नकाशाच्या फाईली वाचणारं) हे पॅकेज तुमच्या आरच्या व्हर्जनसाठी उपलब्ध नाही. आता हे वाचून कुणीही काय समजेल? व्हर्जन चुकलं. म्हणून जुनं काढ, नवं टाक, मग त्याहून जुनं टाक, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर दिवसाचा डेटा संपव. खरी गोष्ट अशी की ते पॅकेज ऑक्टोबर 2023 मध्येच क्रॅनवरून, म्हणजे आरची पॅकेजं जिथून उतरवतात त्या साठ्यावरून, निघालंय. आरजीडाल, आरजीईओएस आणि मॅपटूल्स ही तिन्ही पॅकेजं सांभाळणारे नॉर्वेतले प्राध्यापक रॉजर बिवंड रिटायर झाले, त्यांनी खूप आधीपासून सांगूनही ठेवलं होतं की एसएफ आणि टेरा या नव्या पॅकेजांकडे वळा म्हणून. पण ते सांगणं यावलपर्यंत कोण आणणार? सिनियरची स्क्रिप्ट त्याच्या आधीची, सिनियर नोकरीला लागून मोकळा. मेसेजमध्येच "हे पॅकेज बंद झालं, याच्याऐवजी हे वापरा" एवढं लिहिलं असतं तर मॅडमचा तो सगळा आटापिटा वाचला असता.

दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे तो येस-नोचा प्रश्न. मशीनवर मेक नावाचा कंपाईलला लागणारा प्रोग्राम कुठूनही सापडला, की पॅकेज टाकताना आर विचारतं की याचं सोर्स (मूळ कोड) जास्त नवीन आहे, कंपाईल करून (म्हणजे त्यातून इथेच पॅकेज बांधून) टाकू का? माणूस बिचारा येस म्हणतो, नवीन म्हणजे चांगलंच असणार ना. मग स्क्रीनभर लाल अक्षरं धावतात आणि शेवटी नॉन-झिरो एक्झिट स्टेटस, म्हणजे काम फसलं, कारण विंडोजवर कंपाईल करायला आपल्या आरला जुळणारं आरटूल्स नावाचं वेगळं प्रकरण आधी टाकलेलं लागतं आणि ते कुणाकडेच नसतं. नो म्हटलं की तयार बांधलेलं, थोडंसंच जुनं पॅकेज गपचूप येऊन बसतं. काम भागतं. माझा राग आहे तो इथे भो, की ज्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर माहीत असण्याची शक्यता सगळ्यात कमी त्यालाच हा प्रश्न विचारायचा. जुळणारं आरटूल्स आहे की नाही हे मशीनला तपासता येतं, मग मशीननेच ठरवावं ना.

आमच्याकडे शेतकरी जी-नाईन केळीची रोपं बुक करतो, ट्रेमधून रोपं बांधावर येतात, टिश्यू कल्चरची लॅब कशी चालते हे त्याला कोणी विचारत नाही, आणि तरी तो केळीतला एक्सपर्टच असतो. रिसर्चवाल्याला मात्र आपण म्हणतो की आधी टर्मिनल शिक, पाथ म्हणजे काय ते शिक. (विंडोजच्या युजरनेममध्ये देवनागरी अक्षरं असली तरी कधीकधी पॅकेज टाकताना घोळ होतो. आपलंच नाव मराठीत लिहिल्याची शिक्षा!)

म्हणजे काहीच सोय नाही असंही नाही. आरमध्ये आरएन्व्ह नावाचं पॅकेज आहे, ते एका लॉकफाईलमध्ये कुठलं पॅकेज, कुठलं व्हर्जन, कुठून आणलं हे सगळं लिहून ठेवतं आणि दुसऱ्या मशीनवर रिस्टोर म्हटलं की तीच पॅकेजं परत आणायला बघतं. बॉटनीत ज्यांना डीएनए सिक्वेन्सचं काम असतं त्यांच्यासाठी पॅकेजं टाकून देणारी कोंडा आणि बायोकोंडा ही साधनं आहेत. गुगल कोलॅबवर, म्हणजे ब्राउझरमध्येच कोड चालवायच्या सोयीत, तर मशीनचीच भानगड नाही, फक्त सेशन संपलं की टाकलेली पॅकेजं गेली, परत पहिल्यापासून. पण ही लॉकफाईल बनवायची कोणी? माझं स्पष्ट मत, जो स्क्रिप्ट देतो त्याने. सिनियरने पेनड्राईव्हमध्ये स्क्रिप्टसोबत ती एक फाईल टाकली की पुढच्याचे अर्धे हाल वाचतात. गाईड लोक थीसिसच्या मार्जिनवरून पोरांना रडवतात, तसंच ही फाईल कुठेय म्हणून एकदा विचारा की.

आता आरएन्व्हची मर्यादाही सांगतो, नाहीतर उद्या मलाच फोन येतील. ते पॅकेजांचं व्हर्जन सांभाळतं, खुद्द आरचं व्हर्जन फक्त नोंदवतं, बसवून देत नाही. आणि विंडोजसाठी क्रॅन नव्याने तयार पॅकेजं बांधतं ती चालू, त्याच्या आधीच्या आणि येऊ घातलेल्या आरसाठीच, त्यामुळे फार जुनी लॉकफाईल रिस्टोर करायला गेलं की गाडी पुन्हा कंपाईलवर येते. म्हणून मॅडमच्या स्क्रिप्टला जुनं आरजीडाल शोधून बसवण्यापेक्षा आम्ही सरळ ओळीच बदलल्या, रीडओजीआर या जुन्या आज्ञेच्या जागी एसएफची एसटी-रीड, एसपीट्रान्सफॉर्मच्या जागी एसटी-ट्रान्सफॉर्म. शेपफाईल (नकाशाची फाईल) उघडली, विहिरींचे ठिपके तालुक्यावर बसले. रास्टरवाला (चौकटी-चौकटींच्या नकाशाचा) भाग अजून बाकी आहे, तो टेरामध्ये न्यायचाय, पण त्यांचे बारावीचे पेपर तपासून झाल्यावर.