तुम्ही विचारलंत म्हणून : ‘काहीही चालेल’ या उत्तराविषयी

मी मानसशास्त्र शिकवते हे कळल्यावर लग्नकार्यात भेटणाऱ्या बायका एक प्रश्न हमखास विचारतात : स्वयंपाक करून दमायला होत नाही, पण ‘आज काय करू’ हे ठरवून जीव मेटाकुटीला येतो, असे खरेच होते का, की हे मनाचे चोचले?

याचे एक तयार उत्तर बरीच वर्षे दिले जात असे. मनोनिग्रहाचा साठा मर्यादित असून तो वापरागणिक घटतो, हा विचार मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडला आणि पुढे तो निर्णयांनाही लावला गेला. २०१६ मध्ये वीसहून अधिक प्रयोगशाळांनी दोन हजारांवर लोकांवर तो परिणाम ताडून पाहिला, तेव्हा हाती जवळजवळ काहीच लागले नाही. इस्रायलमधील न्यायाधीश कामकाजातल्या मधल्या सुट्टीनंतर सुमारे ६५ टक्के कैद्यांना पॅरोल देतात आणि पुढच्या सुट्टीपर्यंत ते प्रमाण शून्याजवळ येते, हा २०११ मधील निष्कर्ष आजही भाषणांत ऐकू येतो. मात्र ज्यांना वकील नव्हता अशा कैद्यांची प्रकरणे बहुधा सुट्टीआधी शेवटी घेतली जात, हा त्यावरचा आक्षेप क्वचितच कोणी सांगते.

म्हणून बायकांचे दमणे खोटे ठरत नाही. माझ्या मते आपण ते चुकीच्या जागी शोधत होतो. समाजशास्त्रज्ञ ॲलिसन डॅमिंजर यांनी अमेरिकेतील ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवरून २०१९ मध्ये दाखवले की घरातल्या विचारकामाचे चार भाग पडतात : गरज आधीच ओळखणे, पर्याय शोधणे, ठरवणे आणि ठरले ते नीट झाले का यावर लक्ष ठेवणे. त्यांपैकी ‘ठरवणे’ हा भाग नवराबायको बऱ्याचदा मिळून करतात. पहिला आणि शेवटचा मात्र मुख्यतः बाईच्या वाट्याला येतो. म्हणजे जो भाग सर्वांना दिसतो, तोच वाटून घेतला जातो.

आपल्या स्वयंपाकघरात हे स्वच्छ दिसते. बुधवारच्या डब्यात मोडाच्या मटकीची उसळ द्यायची असेल, तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालून मंगळवारी सकाळी उपसून फडक्यात बांधावी लागते. भिजत घालताना बुधवारी कोणाचा उपास नाही ना, मुलाची सहल नाही ना, सासऱ्यांना कडधान्य सोसेल ना, हे सारे मनात फिरून गेलेले असते. बुधवारी फक्त फोडणी पडते आणि बघणाऱ्याला वाटते, यात ठरवण्यासारखे होते तरी काय!

अशा वेळी ‘काहीही चालेल, तुला वाटेल ते कर’ हे उत्तर देणाऱ्याला उदारपणाचे वाटते. प्रत्यक्षात त्याने एकही पर्याय कमी झालेला नसतो, आणि ताटावर बसल्यावर ‘आज परत दुधी?’ असे म्हणण्याचा हक्क मात्र राखून ठेवलेला असतो. अर्थतज्ज्ञ हर्बर्ट सायमन यांनी १९५० च्या दशकात सांगितले होते की माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा पर्याय मिळाला की थांबतो. हा शहाणपणा खराच, पण ‘पुरेसे’ कशाला म्हणायचे हे जेवणारा घास तोंडात घातल्यावर ठरवणार असेल, तर करणारीने थांबावे कुठे?

विचारणाऱ्यांना मी ‘दुधी नको, बाकी काहीही’ एवढे तरी घरच्यांकडून आधी वदवून घ्यायला सांगते. आठवड्याच्या भाज्यांचा कागद फ्रीजवर लावणेही चांगले, परंतु तो एकटीनेच लिहायचा आणि तिनेच पाळायचा असेल, तर काम फक्त रविवारवर ढकलले जाते. त्यापेक्षा मंगळवार आणि शुक्रवार नवऱ्याकडे किंवा मोठ्या मुलाकडे पूर्णपणे सोपवावेत. म्हणजे कोथिंबीर संपली आहे, उद्या संकष्टी आहे, तांदळाचा डबा तळाला गेला आहे, हे लक्षात ठेवणेसुद्धा त्या दोन दिवसांपुरते त्यांचेच. आणि त्यांनी विचारले की ‘आज काय करू?’, तर आपणही ‘काहीही चालेल’ असे म्हणू नये.