एकच एनर्जी दोनदा आली तेव्हा

धाकट्या बहिणीचा मेसेज आला, "दादा, ग्राउंड स्टेट दोनदा येतंय, बघ ना". ग्राउंड स्टेट म्हणजे सगळ्यात कमी एनर्जीची स्थिती. बहीण फिजिक्समध्ये रिसर्च करते, क्वांटम स्पिन चेनवर, म्हणजे रांगेत मांडलेल्या, वर किंवा खाली असणाऱ्या अणूएवढ्या चुंबकांवर, आणि मी स्ट्रक्चरल इंजिनिअर, टॉवर आणि पुलांची डायनॅमिक ॲनालिसिस करणारा. पण तिने पाठवलेला स्क्रीनशॉट बघितला आणि मला तो लगेच ओळखीचा वाटला, कारण आमच्याकडेही हे असंच होतं.

आम्ही दोघं खरं तर एकच गणित सोडवतो. मी स्टिफनेस मॅट्रिक्स आणि मास मॅट्रिक्स (कडकपणा आणि वस्तुमान यांचे आकड्यांचे तक्ते) घेऊन फ्रिक्वेन्सी आणि मोड शेप (कंपनातला आकार) काढतो, ती हॅमिल्टोनियन (सिस्टिमच्या एनर्जीची मॅट्रिक्स) घेऊन एनर्जी आणि वेव्हफंक्शन काढते. श्रोडिंगरने 1926 मध्ये आपल्या पेपरच्या नावातच आयगेनव्हॅल्यू प्रॉब्लेम असं लिहून टाकलं होतं (आयगेनव्हॅल्यू म्हणजे मॅट्रिक्सचे ते खास आकडे ज्यांतून माझ्या फ्रिक्वेन्सी आणि तिच्या एनर्जी मिळतात), आणि त्याआधी कितीतरी वर्षं ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ रॅले तारा आणि दांड्यांच्या कंपनांसाठी तीच युक्ती वापरत होता, म्हणजे आकाराचा अंदाज करा, त्या आकारातली एनर्जी काढा, येणारा आकडा सगळ्यात खालच्या खऱ्या आकड्याच्या खाली कधीच जाणार नाही. कॅन्टिलीव्हर घ्या, एका टोकाला घट्ट धरलेली दांडी. वाकलेला आकार नुसता एक्सचा, म्हणजे धरलेल्या टोकापासूनच्या अंतराचा, वर्ग धरला तर पहिल्या फ्रिक्वेन्सीचा गुणांक 4.47 येतो, खरा आहे 3.516. तेच सारख्या भाराखाली तो जसा वाकतो तो आकार धरला की 3.53. हीलियमचंही तसंच, दोन्ही इलेक्ट्रॉन एकमेकांना थोडं झाकतात एवढंच धरून न्यूक्लियसचा चार्ज 2 ऐवजी 27/16 घेतला की मायनस 77.5 इलेक्ट्रॉन व्होल्ट, प्रयोगात मायनस 79. दोन्हीकडे चूक वरच्याच बाजूला. मला हे इतकं आवडतं की नवीन मुलं आली की सॉफ्टवेअर उघडायच्या आधी मी त्यांना हा कॅन्टिलीव्हर हाताने करायला लावतो.

आता तिच्या स्क्रीनशॉटकडे. मॅट्रिक्स मोठी झाली की सगळ्या आयगेनव्हॅल्यू काढत बसणं परवडत नाही आणि आपल्याला खालच्या चारदोनच हव्या असतात, म्हणून ती आणि मी दोघंही लॅन्झोस वापरतो, 1950 ची पद्धत. एक रँडम व्हेक्टर (आकड्यांची यादी) घ्यायचा, त्याला मॅट्रिक्सने पुन्हा पुन्हा गुणायचं, प्रत्येक नवा व्हेक्टर आधीच्यांशी काटकोनात ठेवायचा, आणि त्यातून जी छोटी ट्रायडायगोनल (फक्त मधल्या तीन तिरप्या ओळींत आकडे असलेली) मॅट्रिक्स तयार होते तिच्या आयगेनव्हॅल्यू घ्यायच्या. कागदावर नवा व्हेक्टर फक्त मागच्या दोघांशी काटकोनात केला की बाकीच्यांशी तो आपोआपच काटकोनात असतो. कॉम्प्युटरवर राउंड-ऑफमुळे तसं राहत नाही, आणि 1971 मध्ये पेज या संशोधकाने दाखवलं की हा काटकोन नेमका तेव्हाच बिघडतो जेव्हा एखादी आयगेनव्हॅल्यू बरोबर सापडत आलेली असते. म्हणजे उत्तर सापडलं की पद्धत ते विसरते आणि तेच उत्तर पुन्हा शोधायला लागते. त्याला घोस्ट म्हणतात.

मी तिला पहिला प्रश्न विचारला, तुझ्या चेनमध्ये दोनदा यायला काही कारण आहे का? कारण खरी जोडीही असते. चौरस टॉवर असला की पहिल्या दोन फ्रिक्वेन्सी सारख्याच येतात, एकदा या दिशेला वाकतो आणि एकदा त्या दिशेला, तिथे एकच आली असती तर मी घाबरलो असतो. ती म्हणाली हो दादा कारण आहे, म्हणूनच तर गोंधळलेय. तिची चेन म्हणजे 16 स्पिनची रिंग, प्रत्येक स्पिनचं शेजाऱ्याशी एक कपलिंग (जोडणीचा जोर) आणि शेजाऱ्याच्या शेजाऱ्याशी दुसरं, आणि दुसरं पहिल्याच्या बरोबर निम्मं असलं की ग्राउंड स्टेट खरोखर दोन असतात, अगदी तंतोतंत सारख्या एनर्जीचे. हे चंचल कुमार मजुमदार आणि दीपन घोष यांनी 1969 मध्ये दाखवलं. स्पिन जोड्या जोड्यांनी बांधले जातात, आणि रिंगमध्ये जोड्या लावायच्या दोन रीती आहेत, एक घर सरकवलं की दुसरी. पहिलं कपलिंग 1 धरलं तर एनर्जी प्रत्येक स्पिनमागे मायनस 3/8, म्हणजे 16 स्पिनला मायनस 6. इतकं कठीण गणित आणि उत्तर इतकं स्वच्छ, मी फोनवर तिला दोनदा विचारलं की खरंच पूर्णांक येतो का.

पण तिने तर रेशो (दुसरं कपलिंग भागिले पहिलं) 0.5 नाही, 0.4 ठेवला होता. तिथे 16 स्पिनच्या रिंगमध्ये दोन्ही लेव्हल जवळ असतात, तंतोतंत एक नसतात. आणि तिचे दोन आकडे बारा डेसिमलपर्यंत एकच होते. मला तिथेच शंका आली. निसर्ग देतो ती जवळीक सहसा तिसऱ्या चौथ्या डेसिमलला कुठेतरी सुटते, बारापर्यंत जुळलं तर एकतर सिमेट्री आहे नाहीतर तोच आकडा दोनदा मोजलाय.

मग मी तिला आमचा स्टर्म चेक सांगितला, जो मला वाटतं फिजिक्सवाल्यांनी जास्त वापरायला हवा. मॅट्रिक्समधून सिग्मा हा एक आकडा डायगोनलवर वजा करायचा (आमच्याकडे सिग्मा गुणिले मास मॅट्रिक्स), त्याचं एलडीएलटी फॅक्टरायझेशन करायचं (मॅट्रिक्स तीन सोप्या मॅट्रिक्सच्या गुणाकारात फोडायची, मधली नुसती डायगोनल), आणि डायगोनल भागात निगेटिव्ह किती आले ते मोजायचं. जितके निगेटिव्ह तितक्या आयगेनव्हॅल्यू सिग्माच्या खाली. एकही आयगेनव्हॅल्यू न काढता संख्या कळते, आणि पूल असो की स्पिन चेन, ती लॅन्झोसवर अवलंबून नाही. 16 स्पिन म्हणजे 65,536 स्टेट, पण अर्धे वर अर्धे खाली एवढेच धरले की 12,870, मॅट्रिक्स सव्वा-दीड जीबीत बसते, लॅपटॉपवर होतं. तिने सिग्मा त्या एनर्जीच्या जेमतेम वर ठेवला. निगेटिव्ह आला एक. म्हणजे घोस्टच. मग 0.5 ला सिग्मा मायनस 5.99 ठेवून केलं, तिथे आले दोन.

आणि गंमत पुढे आहे. काटकोन दरवेळी पूर्ण दुरुस्त करत 0.5 ला लॅन्झोस चालवला, तर मायनस 6 एकदाच आला. बरोबरच आहे, एका व्हेक्टरपासून सुरू केलं की तत्त्वतः सारख्या एनर्जीच्या जोडीतला एकच मिळतो, म्हणजे जिथे दोन नव्हते तिथे पद्धतीने दोन दाखवले आणि जिथे होते तिथे एक. यावर ती बराच वेळ काही बोललीच नाही.

मग तिने दोन्ही स्टेट वेगळ्या सिमेट्री सेक्टरमध्ये काढले, एक घर सरकवल्यावर तसाच राहणारा एकात आणि चिन्ह बदलणारा दुसऱ्यात. हे आमचं अर्ध्या मॉडेलचं काम झालं. सिमेट्रिक पूल अर्धाच मॉडेल करतो आपण, पण मधल्या रेषेवर एकदा सिमेट्रिक सपोर्ट देऊन आणि एकदा अँटीसिमेट्रिक देऊन, दोनदा चालवायचं. मी सुरुवातीला एका आर्चला फक्त सिमेट्रिक दिला होता आणि पहिला मोडच हातातून गेला, कारण आर्चचा सगळ्यात खालचा मोड बऱ्याचदा अँटीसिमेट्रिक असतो, एक बाजू वर आणि दुसरी खाली. रिझल्ट दिसायला अगदी व्यवस्थित होते. सीनियरने मोड शेप बघून विचारलं, डोलणारा कुठे आहे?

आता ती 36 स्पिनकडे निघालीये. तिथे अर्धे वर अर्धे खाली धरूनही 907 कोटींच्या वर स्टेट, एकेक व्हेक्टर 70 जीबीच्या पुढे, फॅक्टरायझेशन विसराच. माझं लाखो डिग्रीज ऑफ फ्रीडमचं (स्वतंत्र हालचालींचं) मॉडेल फॅक्टर होतं कारण प्रत्येक नोड आजूबाजूच्या चार नोडशीच बोलतो, तिच्याकडे तशी सोय नाही, त्यामुळे स्टर्म चेक तिथे चालणार नाही. मग उरतं काय, सिमेट्रीने तुकडे पाडणं, वेगवेगळ्या रँडम व्हेक्टरपासून पुन्हा चालवणं, रेसिड्युअल (उत्तर समीकरणात टाकल्यावर उरणारी चूक) बघणं, आणि प्रत्येक नव्या कोडवर आधी 0.5 टाकून बघणं. काल रात्री तिचा पहिला मोठा रन लागला, रेशो 0.5 च ठेवलाय. मायनस 13.5 यायला हवं, आणि दोन्ही सेक्टरमध्ये.